कामाचे कपडे : जोड थोडे, कटकट कमी

सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. दुकान उघडण्याची वेळ झालेली असते आणि नेमकी वीज गेलेली असते. पांढरा सुती शर्ट इस्त्रीवाचून खुंटीवर लोंबत असतो. कपाटात दुसरे शर्ट आहेत, पण एकाचे बटण तुटलेले, एकाची कॉलर विटलेली, एक आटून तोकडा झालेला आणि एक लग्नात घेतलेला, जो दुकानात घालवत नाही. कपाट भरलेले आणि अंगावर घालायला काही नाही, अशी ही अवस्था आहे. अशा दहा-पंधरा मिनिटांच्या घोळात पहिले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात निघून जाते.

या पानावर आपण मालाची खरेदी, उधारीची वसुली, कर यांविषयी वाचतो. रोज अंगावर जे चढते त्याविषयी मात्र क्वचितच विचार करतो. वास्तविक कपडा हा धंद्याच्या खर्चातला एक भाग आहे. त्यात पैसा जातो, वेळ जातो, घरातील स्त्रियांची मेहनत जाते आणि काही धंद्यांत तर चुकीचा कपडा अंगावर असणे जिवावर बेतते. म्हणून कामाच्या कपड्यांचा विचार आम्ही येथे दुकानदाराच्या आणि कारागिराच्या नजरेने करणार आहोत.

कपाट म्हणजे लहानसे गोदाम

कोणत्याही व्यापाऱ्याला पडून असलेल्या मालाचे दुःख ठाऊक असते. रक्कम अडकते, जागा अडते आणि दिवसेंदिवस माल खराब होतो. कपाटातील न वापरलेल्या कपड्यांचेही तसेच आहे. हा मजकूर लिहिण्यापूर्वी आम्ही आमचेच कपाट मोजून पाहिले. शर्ट आणि कुर्ते मिळून १७ निघाले. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष अंगावर चढलेले होते फक्त ६. उरलेले ११ म्हणजे आमचा पडून राहिलेला माल होता. वाचकांनीही एकदा असे मोजून पाहावे. आकडा फार वेगळा येईल असे आम्हाला वाटत नाही.

कामाच्या कपड्यांसाठी जुन्या लोकांचा एक साधा हिशोब आहे : एक जोड अंगावर, एक धुण्यात, एक घडीत. म्हणजे रोज धुवावे लागणाऱ्या कामासाठी तीन जोड पुरतात. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून चौथा. गल्ल्यावर बसणाऱ्याने पाच शर्ट आणि तीन पँटी ठेवल्या तर आठवडा सहज निघतो. यापलीकडे जुमा आणि ईदसाठी एक-दोन चांगले जोड. एवढ्यात कोणाचीही अब्रू कमी होत नाही.

जोड थोडे ठेवायचे तर ते एकमेकांशी जुळणारे हवेत. पँटी गडद रंगाच्या (काळपट, राखाडी किंवा खाकी) आणि शर्ट फिक्या रंगाचे ठेवले की कोणताही शर्ट कोणत्याही पँटीवर चालतो. सकाळी विचार करावा लागत नाही. पाच शर्ट आणि तीन पँटी यांच्या पंधरा जोड्या होतात, आणि रोज तेच तेच घातल्यासारखेही दिसत नाही.

टापटीप आणि उधळपट्टी यांतील रेषा

काही बांधवांना वाटते की साधेपणा म्हणजे मळकटपणा. काहींना वाटते की चार लोकांत उठून दिसायचे तर दर महिन्याला नवा कपडा हवा. इस्लामची शिकवण या दोहोंच्या मधली आहे. कुरआनच्या सूरह आराफमध्ये वस्त्राचा उल्लेख अल्लाहची देणगी म्हणून आला आहे, आणि त्याच सूरहमध्ये इबादतीच्या वेळी नीटनेटके राहण्याचा व इसराफ टाळण्याचा आदेश आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत असत, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या हदीसवरून आपल्याला ठाऊक आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात असे सांगितले जाते की, मजलिसमध्ये एक गृहस्थ अगदी जुनेर कपड्यांत आलेले पाहून इमाम साहेबांनी त्यांना मागे थांबवून घेतले आणि चांगले कपडे घेण्यासाठी गुपचूप पैसे देऊ केले. ते गृहस्थ म्हणाले की आपण सुखवस्तू आहोत, आपल्याला गरज नाही. तेव्हा इमाम साहेबांनी त्यांना समजावले की, अल्लाहने दिलेल्या नेमतीची खूण माणसाच्या अंगावरही दिसली पाहिजे, नाहीतर मित्राला उगाच काळजी वाटते. कापडाच्या व्यापाऱ्याने दिलेला हा धडा आजच्या दुकानदारालाही लागू आहे. गिऱ्हाईक आपल्या अंगावरून आपल्या मालाचा अंदाज बांधते.

कापड कोणते घ्यावे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आपले हजारो बांधव कापड विणून पोट भरतात. तरीही स्वतःसाठी कापड घेताना आपण लेबल आणि चमक पाहतो, सूत पाहत नाही. म्हणून थोडी मूळची माहिती घेऊ.

सुती कापड चुरगळते का? कापसाचा धागा पाणी आणि घाम शोषतो. ओलाव्यामुळे धाग्यातील सूक्ष्म कणांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि वाळताना कापड ज्या घडीत असेल त्याच घडीत ती पुन्हा घट्ट होते. म्हणूनच पिळून तसाच वाळत टाकलेला सुती शर्ट सुरकुत्यांनी भरतो. परंतु ज्या गुणामुळे सूत चुरगळते त्याच गुणामुळे ते अंगाला थंड लागते. कोरडा वाटणारा कापूसही हवेतील ओलावा घेऊन आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही.

पॉलिस्टरचा धागा व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४१ साली शोधून काढला. टेरिलीन हे त्याचे पहिले नाव. त्यावरूनच आपल्याकडे ‘टेरिलीन’ आणि ‘टेरिकॉट’ हे शब्द रूढ झाले. हा धागा मजबूत असतो, आटत नाही, लवकर वाळतो आणि चुरगळत नाही. दोष असा की घाम शोषत नाही, तेलाचा डाग धरून ठेवतो, काही दिवसांनी वास धरतो आणि सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो. हा शेवटचा दोष कारागिरांनी नीट लक्षात ठेवावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

या दोन धाग्यांचे मिश्रण म्हणजे टेरिकॉट. बाजारात बहुधा ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सूत असे प्रमाण आढळते. सूत जास्त आणि पॉलिस्टर कमी, म्हणजे ६० ला ४० असेही कापड मिळते. व्यापारात त्याला ‘सीव्हीसी’ म्हणतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्याला हे दुसरे कापड अधिक सोयीचे. चुरगळणे बरेच कमी, आणि अंगही उकडत नाही.

मिश्र कापड आपल्या लोकांना नवे नाही. गुजरातेतील पाटण येथे विणल्या जाणाऱ्या मशरूचा ताणा परंपरेने रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. रेशीम वर दिसते आणि अंगाला सूत लागते. पुरुषांना रेशीम वर्ज्य असल्याने ही तोड निघाली, आणि मशरू या शब्दाचा अर्थच ‘शरीअतने परवानगी दिलेले’ असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र येतात. दोन धाग्यांचे गुण एकत्र आणण्याची ही युक्ती आपल्याच विणकरांच्या हाताखालून गेलेली आहे.

‘इस्त्रीची गरज नाही’ असे लिहिलेले शुद्ध सुती शर्टही मिळतात. त्यांवर राळेसारख्या रसायनाचा हात दिलेला असतो, त्यामुळे धागा घडी धरत नाही. मात्र या प्रक्रियेने सूत थोडे कमजोर होते आणि कॉलर-कफच्या कडा लवकर झिजतात. असा शर्ट घालण्यापूर्वी एकदा धुवावा आणि त्याला क्लोरीनचे ब्लीच लावू नये.

हिशोब मांडून पाहू

शर्टाची खरी किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तो किती वेळा घालता आला आणि दर वेळी त्यावर काय खर्च झाला, हे दोन्ही धरले म्हणजे खरी किंमत कळते. खालचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालावेत.

पहिला शर्ट : शुद्ध सुती, किंमत ६४० रुपये, ८० वेळा घालता आला. म्हणजे दर वेळचे ८ रुपये. दर वेळी इस्त्रीचे १० रुपये. एकूण १८ रुपये.

दुसरा शर्ट : चांगल्या मिश्र कापडाचा, शिलाईसह ७२० रुपये, १२० वेळा घालता आला. दर वेळचे ६ रुपये. इस्त्री एकाआड एक, म्हणून सरासरी ५ रुपये. एकूण ११ रुपये.

तिसरा शर्ट : हातगाडीवरचा स्वस्त, ३०० रुपये, २५ धुण्यांत रंग गेला. दर वेळचे १२ रुपये, इस्त्रीचे ५ रुपये. एकूण १७ रुपये.

पाहा, स्वस्त घेतलेला शर्ट महागड्या सुती शर्टाइतकाच पडला. पहिल्या आणि दुसऱ्यात रोजचा फरक ७ रुपयांचा. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर २१०० रुपये. दुकानात दोन भाऊ आणि एक मुलगा बसत असेल तर ६३०० रुपये. घरी इस्त्री होत असेल तर हा पैसा दिसत नाही, कारण तो घरातील बाईच्या वेळातून आणि विजेच्या बिलातून जातो. पण जातो हे नक्की.

धंदा तसा जोड

सर्वांना एकच कापड चालत नाही. ‘कमी कटकटीचा कपडा’ म्हणून डोळे मिटून पॉलिस्टर घेणे काही धंद्यांत धोक्याचे आहे.

गल्ल्यावरचे दुकानदार : किराणा, कापड, चप्पल, हार्डवेअर. येथे मिश्र कापड उत्तम. बारीक चौकडी किंवा रेघा असलेल्या शर्टावर धूळ आणि हलके डाग कमी दिसतात. किराणा दुकानात हळदीचा डाग नेहमीचा. साबण लागताच तो लाल होतो, म्हणून घाबरू नये. धुऊन उन्हात वाळत घातला की हळदीचा रंग उन्हाने हळूहळू उडतो. अत्तराचे किंवा सुगंधी वस्तूंचे दुकान असेल तर अत्तर कपड्यावर न लावता मनगटावर लावावे. ते तेलच आहे, आणि मिश्र कापडावर त्याचा डाग कायमचा बसतो.

मागावर काम करणारे : लुंगी आणि बनियन हा पूर्वापार वेश आहे, आणि गरमीत तो सोयीचा वाटतो. पण फिरता पट्टा, चाके आणि धोटा यांच्याजवळ लोंबती लुंगी हा उघड धोका आहे. त्याऐवजी अंगाबरोबरचा अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि पायाशी निमुळता सुती पायजमा घालावा. मागावर पॉलिस्टर टाळण्याचे आणखी एक कारण म्हणजे घर्षणाने त्यात विजेचा भार साठतो आणि उडणारी कापसाची किंतान त्याला चिकटून बसते.

वेल्डिंग, फॅब्रिकेशन, गॅरेज, भट्टी : येथे पॉलिस्टर अजिबात नको. आमच्या ओळखीच्या एका गाळ्यात एका शिकाऊ पोराच्या अंगावर खेळाडू घालतात तसला चमकदार टी-शर्ट होता. ठिणगी पडली, भोक पडले. ते लहानच होते, पण वितळलेले कापड कातडीला चिकटले आणि काढताना कातडीही निघाली. मिटायला आठवडे लागले. सुती कापड पेटते, पण वितळून अंगाला चिकटत नाही. जाड सुती ड्रिल किंवा डेनिम ठिणगीला बराच वेळ दाद देत नाही. पँटचे पाय दुमडू नयेत, कारण ठिणगी दुमडीत जाऊन बसते. खिशाला झडप हवी. पायात बूट हवेत. आत घातलेला बनियनही सुतीच हवा, हे पुष्कळजण विसरतात. सुती कपडा तेलाने किंवा डिझेलने भिजला असेल तर त्याचाही भरवसा नाही. तो ताबडतोब बदलावा.

लेथ, ड्रिल, सुतारकामाची करवत : सैल बाही, गळ्यात लोंबता रुमाल किंवा मफलर, उघडी बटणे हे सर्व फिरत्या यंत्रात ओढले जाते. बाही एक तर अर्धी किंवा मनगटाशी घट्ट बटणाची असावी. रुमाल खिशात असावा.

खाटीक आणि मासळीवाले : गडद रंगाचा सुती जोड आणि त्यावर रेक्झिनचे किंवा रबरी एप्रन. रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो शिजून पक्का होतो. हा एक नियम पाळला तर निम्मी मेहनत वाचते.

बेकरीवाले : फिकी सुती बंडी आणि वर बदलता येणारे सुती एप्रन. पीठ रोज झटकावे, ओल्या हाताने चोळू नये.

उन्हात फिरणारे फळविक्रेते, हातगाडीवाले : पूर्ण बाह्यांचा, फिका, सैल सुती शर्ट. अर्ध्या बाहीपेक्षा पूर्ण बाही उन्हात उलट बरी वाटते, कारण ऊन कातडीवर पडत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओलसर कपडा अंगावर राहिल्याने नायटा होतो. जांघेत घट्ट पॉलिस्टर असेल तर तो अधिक बळावतो. वरचा शर्ट मिश्र कापडाचा चालेल, पण अंगाला लागणारा कपडा सुती आणि पूर्ण वाळलेलाच असावा.

नमाजीसाठी एक जोड कामाच्या ठिकाणी

कामाचे कपडे मळलेले आहेत म्हणून जोहर-असरची जमाअत सुटते, ही तक्रार आम्ही गॅरेजवाल्या आणि रंगारी बांधवांकडून नेहमी ऐकतो. यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. मळ आणि नापाकी या वेगळ्या बाबी आहेत. ग्रीस, माती, लाकडाचा भुसा, रंग यांनी कपडा मळतो, नापाक होत नाही. वाहते रक्त मात्र नापाक आहे. आपल्या धंद्यातील नेमका मसला मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारून घ्यावा. दुसरे असे की, मळका कपडा पाक असला तरी शेजारच्या नमाजीला त्रास देऊ नये. म्हणून कामाच्या ठिकाणी एका पिशवीत स्वच्छ कुर्ता, पायजमा किंवा लुंगी आणि टोपी ठेवावी. हा कुर्ता मिश्र कापडाचा असला तर घडीतून काढून तसाच घालता येतो. पिशवी भट्टी आणि तेलापासून दूर, झाकून ठेवावी. जुम्याला धुवायला घरी न्यावी. एवढ्या व्यवस्थेने जमाअत सुटण्याचे निमित्त उरत नाही.

घरातील आणि कामावरच्या स्त्रिया

शाळेत शिकविणाऱ्या, दवाखान्यात काम करणाऱ्या, घरी शिवणकाम किंवा जरीकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनाही हाच हिशोब लागू आहे. बुरख्यासाठी मिळणारे पॉलिस्टरचे क्रेप कापड इस्त्री मागत नाही आणि एका रात्रीत वाळते, म्हणून बाहेरच्या कामाला ते सोयीचे. दोन बुरखे आलटून पालटून पुरतात. मात्र घरी येताच तो काढून टांगावा. बुरख्यात किंवा लोंबत्या पॉलिस्टर ओढणीत गॅसजवळ उभे राहू नये. स्वयंपाकघरात सुती ओढणी, आणि तीही मागे बांधलेली असावी. पदर किंवा ओढणी पेटून झालेल्या अपघातांची गोष्ट कोणत्या मोहल्ल्यात ऐकू येत नाही?

कापड घेताना, शिवताना

तयार शर्टापेक्षा कापड घेऊन शिवणे अनेकदा परवडते. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटीला १.२० मीटर लागते. अंगाने भारी असाल तर शिंप्याला आधी विचारावे. पन्हा ३६ इंच असेल तर कापड जास्त लागते, म्हणून केवळ मीटरचा दर पाहून फसू नये.

दुकानात या परीक्षा कराव्यात. कापड मुठीत घट्ट आवळून अर्धा मिनिट धरावे आणि सोडावे. सुरकुत्या आपोआप उलगडल्या तर ते कमी चुरगळेल. उजेडासमोर धरून विणीत विरळ जागा दिसतात का पाहावे. ओला पांढरा रुमाल घासून रंग लागतो का पाहावे. सुती कापड असल्यास ते आटवलेले, म्हणजे ‘सॅन्फोराइज्ड’ आहे का, हे विचारावे. अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी शोधलेल्या आणि १९३० साली पेटंट मिळालेल्या या पद्धतीत कापड आधीच आटवून घेतात. तसे नसेल तर शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे.

‘शंभर टक्के सुती’ म्हणून विकलेले कापड खरेच सुती आहे का, याची परीक्षा घरी करता येते. कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरून ज्योतीला लावावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसते, वितळते आणि टणक काळा मणी बनतो. मिश्र कापडात राखेबरोबर टणक कण सापडतात. मुलांना दूर ठेवून, मोकळ्यावर हे करावे. वेल्डिंगच्या कामासाठी कापड घेणाऱ्याने तर ही परीक्षा केल्याशिवाय शिवायला टाकूच नये.

शिंप्याला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. शिवणीत माया सोडावी, म्हणजे पुढे सैल करता येते. कामाच्या कपड्याला बगलेत आणि जांघेत दुहेरी टीप घालावी, कारण कपडा प्रथम तेथेच उसवतो. आणि उरलेले कापड परत द्यावे. कॉलर झिजली की ती उसवून उलटी शिवता येते, आणि दोन्ही बाजू झिजल्या तर त्याच कापडाची नवी बसवता येते. पूर्वी हे प्रत्येक शिंपी करीत असे. आजही विचारले तर करतात. एका कॉलरसाठी धड शर्ट टाकून देणे हा इसराफच होय.

धुण्याची रीत

निम्मी इस्त्री धुण्यातच वाचते. मिश्र कापड पिळू नये. खळबळून, झटकून, ओलेच हँगरला टांगावे आणि कॉलर, खिसा, पुढची पट्टी हाताने सरळ करावी. वाळेपर्यंत कपडा आपल्याच वजनाने ताणला जातो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. कॉलर-कफला धुण्यापूर्वी अंगाचा साबण लावून ब्रशने हलके घासावे. बटण सैल दिसताच शिवावे. धुण्यात पडले की त्याच रंगाचे मिळणे कठीण.

इस्त्रीवर जे ठिपके असतात त्यांचा अर्थ असा : एक ठिपका सुमारे ११० अंश, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. तीन ठिपके सुतासाठी. मिश्र कापडाला दोनच. तीनवर ठेवून टेरिकॉटला लावली तर कापडाला चकाकी येते आणि ती जात नाही.

ग्रीस-तेलाच्या कपड्यावर आधी टाल्कम पावडर टाकून तेल शोषू द्यावे, मग भांड्यांचा साबण चोळून धुवावे. काहीजण रॉकेल किंवा पेट्रोलने डाग काढतात. असा कपडा धुण्याच्या यंत्रात किंवा गॅसजवळ कदापि नेऊ नये. आग लागण्याची भीती असते. कामाचे मळके कपडे घरच्या, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत.

हाताखालच्या माणसांसाठी

आता थोडे मालक मंडळींना उद्देशून. गाळ्यात काम करणारी पोरे जे हाती लागेल ते घालून येतात. बहुधा ते कोणाचे तरी उतरलेले पॉलिस्टरचे असते, कारण तेच स्वस्त मिळते. ठिणगी मात्र मालक आणि नोकर यांत भेद करीत नाही. हाताखालच्यांना आपण नेसतो तसेच नेसवावे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. जाड सुती ड्रिलचा एक तागा ठोक भावाने घेतला तर पाच-सहा कामगारांचे दोन-दोन जोड निघतात. सर्वांना एकच कापड असल्याने एकाचा जोड फाटला तर दुसऱ्याच्या उरलेल्या तुकड्याने ठिगळ लागते. गिऱ्हाईकालाही गाळा शिस्तीचा दिसतो. हा खर्च पगारातून कापू नये. पोराचा हात भाजल्यावर होणाऱ्या दवाखान्याच्या खर्चाशी त्याची तुलना करून पाहावी.

येत्या जुम्याला करावयाचे काम

कपाट उघडावे आणि तीन ढीग करावेत. पहिला : गेल्या दोन महिन्यांत घातलेले. हे ठेवावेत. दुसरा : बटण, कॉलर, शिवण एवढ्यावर अडलेले. हे सोमवारी शिंप्याकडे न्यावेत, तोवर नवी खरेदी करू नये. तिसरा : चांगले आहेत पण आपण घालत नाही. हे धुऊन, इस्त्री करून गरजूंना द्यावेत. फाटके, विटलेले कपडे देऊन सवाबाची आशा धरू नये. जे आपण स्वतः घालणार नाही ते दुसऱ्याला देणे बरे नव्हे. फाटक्या सुती कपड्यांची गाळ्यात पुसणी करावीत.

मग एका कागदावर आपल्या धंद्याला खरोखर किती जोड लागतात ते लिहावे आणि कमी पडतील तेवढेच घ्यावेत. उरलेला पैसा मालात घालावा, मुलांच्या शिक्षणात घालावा, गरजूच्या हातावर ठेवावा. सकाळची ती दहा-पंधरा मिनिटे वाचली तर दुकान वेळेवर उघडेल, आणि इन्शाअल्लाह रोजीत बरकतही दिसेल.